अधिक बारा

पान १. कागद साधा. दर्जा मध्यम. वेळ अडतीस सेकंद. रंग गडद.

एवढं मी वहीत लिहिलं. लिहून थांबलो असतो तर पुढं खोडता आलं असतं, पण मी बोललोही. प्रिंटरमधून सरकत आलेलं पान दोन्ही कडांना धरून खिडकीपाशी नेलं, हातभर लांब धरलं आणि म्हणालो, "फारच काळी येऊन राहिली." घरात आपण एकटे आहोत असं मी धरून चाललो होतो. गंधाली माझ्या मागं उभी होती. खांद्याला पर्स, हातात डबा. पाण्याची बाटली विसरली म्हणून फाटकापासून परत आली होती. तिनं पान माझ्या हातातून घेतलं, वर्तमानपत्राची पुरवणी घ्यावी तसं, आणि खिडकीतल्या उन्हात स्वतःचं मनगट त्याच्या शेजारी धरलं. पानावर तिचाच चेहरा होता, बायोडाटाच्या उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोपेक्षा थोडा मोठा. ती बराच वेळ पाहत राहिली, मी पाहिलं होतं त्याहून जास्त वेळ. "कलर तो सही है, बाबा," ती म्हणाली. "एकदम सही है." मग पान टेबलावर ठेवलं, कूलरच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर मिठाची बरणी ठेवली, बाटली घेतली आणि गेली.

फाटकाची कडी वाजली. आता काहीतरी वाटेल असं समजून मी उभा राहिलो. लाज वाटेल, किंवा निदान छातीत काही हलेल. छपाईची वेळ मोजतात तसे मी मनात सेकंद मोजले. अडतीस झाले. कूलरचा पाणी खेचण्याचा आवाज येत होता आणि समोरच्या दवाखान्याबाहेर कोणीतरी मोटरसायकल पुसत होतं. मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि वहीत रंगाच्या रकान्यात 'गडद'च्या पुढं कंसात लिहिलं: लाभार्थ्याच्या मते बरोबर.

लाभार्थी हा शब्द ऑफिसातला. चौतीस वर्षं मी एका सरकारी ऑफिसच्या भांडार शाखेत होतो आणि तिथं आलेले नमुने तपासत होतो. खुर्च्या, टाचण्या, कूलर, टॉवेल, पंप. पुरवठादार नमुना आणून ठेवायचे, मी तो वापरून बघायचो आणि शेवटी तक्ता करायचो. डाव्या बाजूला काय मागितलं होतं, उजव्या बाजूला काय आलं. दोन्हींत फरक असला की नापास. माझ्या हातून सहसा काही निसटत नसे. लोक म्हणायचे, नरहरबाबूंच्या टेबलावरून खुर्चीसुद्धा घाबरत जाते. हे मी घरी सांगितलं होतं तेव्हा चित्रा हसली होती. म्हणजे माझी बायको. गंधाली तेव्हा लहान होती, तीही हसली होती. आता हा प्रिंटरही तसाच आणला होता. पंडरी बाजारात प्रिंटर विकणारा आणि छपाईही करून देणारा राकेश ऑफिसच्या दिवसांपासून ओळखीचा. त्यानं म्हटलं, अंकल, सोमवारपर्यंत घरी ठेवा, हवी तेवढी पानं काढा, नाही आवडला तर घेऊन या. रंगीत, चार शायांचा, बाटलीतून शाई भरायचा. मला घरी प्रिंटर हवा होता तो एकाच कामासाठी. रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये वधू-वर परिचय मेळावा होता. प्रत्येकाचं एक पान भिंतीवरच्या फळ्यावर लागतं, वर नंबर, कोपऱ्यात रंगीत फोटो. पान शनिवारी पाचच्या आत मंडळाच्या चिटणीस पूर्णिमाबाईंकडे द्यायचं. आतापर्यंतचे सगळे बायोडाटा मी राकेशच्याच दुकानातून काढून आणत होतो. या वेळी वाटलं, आपल्या डोळ्यांसमोर काढू.

त्या संध्याकाळी जेवताना ती सरळ बोलली. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते; इथं छत्तीसगढात शाळा हिंदी, तेव्हापासून तसंच आहे. आई होती तोवर आईशी मात्र मराठीत बोलायची. रविवारी येईन, म्हणाली. एकतीस वर्षं पूर्ण झाली, सात घरचे लोक येऊन गेले, आता हे शेवटचं. यानंतर या घरात माझा बायोडाटा निघणार नाही. मी वरण वाढून घेतलं. मग तिनं ताट बाजूला सरकवलं. "और फोटो वही लगेगा जो सुबह निकला. दूसरा लगाया तो मैं वहाँ आपके साथ नहीं बैठूँगी. सुना न, बाबा?"

"ऐकलं," मी म्हणालो.

ऐकलं की नाही हे तिला मोजता येतं. आमच्या समता कॉलोनीतच एका क्लिनिकमध्ये ती लोकांची श्रवणचाचणी घेते. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. गेल्या वर्षी माझीही घेतली होती. काचेपलीकडे ती खाली मान घालून खुणा करत होती आणि मी बटण दाबत होतो. नंतर कागद दाखवला. कान ठीक आहेत, म्हणाली, पण आवाज नव्हता तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत. अकरा वेळा. मी म्हटलं, मला वाटलं आता यायला हवा. तिनं तो कागद फाईलला लावला.

शुक्रवार. पान २, चकचकीत कागद. रंग गडद.
पान ३, दर्जा उच्च. वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. केसांच्या बटा वेगळ्या दिसतात, कुडत्याची वीण दिसते. रंग तोच.

म्हणजे दोष कागदाचा नव्हता आणि दर्जाचाही नव्हता. मी राकेशला फोन लावला. यंत्र चांगलं आहे, म्हटलं, पण चेहरा काळा मारतं. त्यानं विचारलं, कुणाचा फोटो आहे, अंकल. मुलीचा, मी म्हटलं. बायोडाटा का? हो. मग तो हसला, वाईट हेतूनं नाही, ओळखीच्या माणसासारखा. "अरे अंकल, तो ब्राइटनेस बढ़ा दो न. दुकान में तो हम लोग बिना पूछे कर देते हैं. लड़की का बायोडाटा आया तो सीधे बीस." तुमच्याकडे इतकी वर्षं काढलेली पानं, मी विचारलं. सगळी, तो म्हणाला, आपकी बिटिया का भी, घर का ही काम समझ के. मी थँक्यू म्हटलं. खरोखरच म्हटलं. फोन ठेवल्यावर कपाटातून जुनी पानं काढली. प्रत्येक वर्षीची दोन-चार उरलेली होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कोपऱ्यात तोच चेहरा, वय दर वर्षी एकानं वाढलेलं. ती टेबलावर मांडली आणि त्यांच्या शेजारी बरणीखालचं काल सकाळचं पान ठेवलं. डावीकडे जे मागितलं होतं, उजवीकडे जे आलं. डावीकडच्या मुलीला मी ओळखत होतो, कारण तिचे फोटो मीच पाच वर्षं लोकांना वाटले होते. ती दुधात हळद घातल्यासारखी होती. तिचे ओठ गुलाबी होते. गंधालीचे ओठ जांभळट आहेत, तिच्या आईसारखे.

आणि मग ते थबकणं आठवलं. सात घरचे लोक येऊन गेले. बिलासपूरचे, दुर्गचे, एक तर थेट यवतमाळहून. प्रत्येक वेळी गंधाली आत आली की सोफ्यावरचे लोक अर्धा क्षण थबकायचे. बशीकडे जाणारा हात थांबायचा. मग सगळे एकदम बोलायला लागायचे, उन्हाबद्दल, गाडीबद्दल. मला वाटायचं, संकोच असेल. अनोळखी घरात असं होतंच. ते सगळे हातातलं पान आणि समोरची मुलगी यांचा तक्ता करत होते, आणि चौतीस वर्षं तेच काम केलेला मी पलीकडच्या खुर्चीवर बसून त्यांना चहा घ्या म्हणत होतो. गंधालीला ते थबकणं दिसत असणार. तिला तर पलीकडच्या माणसाचं बोटही कधी हललं ते बघायची सवय आहे. तिनं मला कधी विचारलं नाही. का विचारलं नाही, यावर मी थोडा वेळ विचार करायचं ठरवलं आणि मग प्रिंटरच्या वरचा दिवा लुकलुकायला लागला म्हणून उठलो.

पान ४. ब्राइटनेस अधिक पाच. फरक नगण्य.

पान ५

इथं वहीत पुढं काही लिहिलेलं नाही. पाचव्या पानाच्या वेळी निळी शाई आलीच नाही. तोंडाशी वाळली असावी; चैत्रातलं ऊन आणि कूलरचा वारा, असं होतं. यंत्रानं निळ्याशिवाय पान काढलं. काळी, किरमिजी, पिवळी, एवढ्यावर काढलेला चेहरा. गंधाली त्यात नव्हती. त्वचा मेणासारखी, पिवळसर गोरी, गालाखाली लालसर झाक, कपाळावरून आडव्या पांढऱ्या रेघा गेलेल्या. मी ते पान खिडकीकडे नेलं नाही. बसल्या जागी पाहिलं. चित्रा शेवटच्या दोन महिन्यांत अशी झाली होती. तिचं रक्त कमी होत चाललं होतं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, हॉस्पिटलमध्ये खिडकीजवळची खाट होती. ती सावळी, लग्नात घरच्यांनी नाक मुरडलेली बाई, पण त्या दोन महिन्यांत तिचा रंग उतरत गेला आणि ती गोरी दिसायला लागली. माझी मोठी बहीण इंदू भेटायला आली तेव्हा खाटेशी बसून म्हणाली होती, कशी उजळ दिसून राहिली आमची चित्रा. प्रेमानं म्हणाली. धीर द्यायला म्हणाली. चित्रा माझ्याकडे पाहून किंचित हसली. मीही हसलो, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ती त्या दिवशी छान दिसली होती.

तिच्याबाबतीत आधी एक गोष्ट घडली होती. राजनांदगावला तिला पाहायला गेलो तेव्हा तिचा स्टुडिओतला फोटो माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरा उजळ करत. ती पोह्यांच्या बशा घेऊन आली, एक माझ्यासमोर ठेवली, आणि मी खिशातून फोटो काढला. का काढला, माहीत नाही. फोटो पाहिला, तिला पाहिलं, फोटो परत खिशात ठेवला. माझी आई माझ्याकडे पाहत होती, चित्राचा भाऊ पंख्याची गती वाढवत होता. मी होकार दिला. माझा होकार खरा होता, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. पंचवीस वर्षांनी एका दुपारी, याच टेबलाशी बसून मटार सोलताना तिनं विचारलं, त्या दिवशी खिशातून काय काढलं होतं तुम्ही. मी म्हटलं, रुमाल. ती म्हणाली, हव. ती राजनांदगावची, छत्तीसगढी हव तिच्या तोंडी सहज यायचं, आणि त्याचा अर्थ फक्त हो एवढाच असतो. 

मी यंत्राची सफाई चालवली. आत दोन मिनिटं घरघर झाली, मग जाळीची चौकट छापून आली, चारही रंगांच्या रेघा अखंड. निळा परत आला.

पान ६. अधिक वीस. हेच दुकानातलं.
पान ७. अधिक बारा.
पान ८. अधिक आठ.
पान ९. अधिक दहा.
पान १०. पुन्हा अधिक बारा, साधा कागद.

शनिवारी सकाळी इंदू ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून ई-रिक्षानं आली. मेळाव्यात नाव तिनंच नोंदवलं होतं. तिनं दार ढकललं आणि टेबल, दिवाण, टीव्हीचा कट्टा, सगळीकडे वाटीखाली, चमच्याखाली, डब्याखाली दाबून ठेवलेली पानं पाहून दारातच उभी राहिली. "बापा, इतक्या साऱ्या गंधाल्या? एक मले दे, घरी भांडे घासाले कामी येईल." मग चष्मा लावून एकेक पान पाहत फिरली, साड्यांच्या दुकानात फिरावं तशी. गंधाली घरात नव्हती, क्लिनिक शनिवारीही असतं. इंदूनं सहावं पान उचललं. "हे दे. ह्याच्यात कशी टवटवीत दिसून राहिली पाहा." मी म्हटलं, ते फार होतं. "फार काहून? लोकं काय भिंग घेऊन येऊन राहिले? आधी बोलावू तर दे त्याइले घरी. पोट्टी बोलली की सारं विसरतात." मी म्हटलं, सात घरची विसरली नाहीत. तिनं चष्मा नाकावर वर सरकवला. मग पान वाचत म्हणाली की वर्णाची ओळ कुठं गेली, सगळ्यांच्या कागदावर असते. मी सांगितलं की मजकूर गंधालीनं टाईप केला आहे, ती ओळ तिनं ठेवली नाही. "तिनं नाही ठेवली तर तू टाक ना. बाप कोन हाय, तू का ती?" मी म्हटलं, फोटो आहे ना.

गंधालीनं काय सांगितलं होतं ते मी इंदूला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोन्ही बाजू वहीत आल्या असत्या आणि मग निर्णय लिहावा लागला असता. इंदू चहा पिऊन गेली. मी पहिलं पान आणि सहावं पान शेजारी ठेवलं. पहिल्यात ती होती तशी. सहाव्यात दुकानातली. दोन पुरवठादारांचं पटत नसलं की आम्ही मधला दर काढायचो, त्यात कोणाचं वाईट होत नसे, ऑडिटही हरकत घेत नसे. सातवं पान घेतलं. अधिक बारा. हे खोटं म्हणता येत नव्हतं. संध्याकाळच्या वेळी, आंघोळ करून आल्यावर, ट्यूबलाईटखाली ती अशी दिसू शकते. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्याच अशा दिसतात. मी स्वतःला विचारलं की हे पहिलं पान का नाही, आणि उत्तराची वाट पाहिली, आणि उत्तर म्हणून मला फक्त सोफ्यावरचे सात वेळचे ते हात दिसले, बशीच्या वर थांबलेले. मला ते आठव्यांदा बघायचे नव्हते. पण ते थांबत होते ते अशाच पानांमुळे, हे मला त्याच वेळी माहीतही होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. साडेचारला मी सातवं पान पुठ्ठ्यात घालून पूर्णिमाबाईंच्या घरी देऊन आलो. त्यांनी वरच्या कोपऱ्यात बेचाळीस नंबरची चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाल्या, गोड दिसते हो मुलगी. रात्री गंधालीनं टेबल आवरलं. वाट्यांखालची पानं तिनं गोळा करून एकावर एक रचली आणि वर रिकामा डबा ठेवला. एक कमी आहे हे तिनं मोजलं की नाही, कळलं नाही.

रविवारी तिच्याच स्कूटीवर गेलो. ती चालवत होती, मी मागं. तिनं आईची हिरवी साडी नेसली होती आणि मोगऱ्याचा गजरा नको म्हणाली होती. हॉलमध्ये दोन बाजूंना फळे, डावीकडे मुलगे, उजवीकडे मुली, मध्ये खुर्च्या, समोर माईकवर कोणीतरी आकडे वाचत होतं. ओळखीचे लोक भेटत होते, पुढची पोरं आपसांत हिंदीत हसत होती, म्हातारे नागपूरकडच्या गाड्यांच्या वेळा सांगत होते. गंधाली उजवीकडच्या फळ्याकडे गेली. एकापासून सुरुवात करून ती प्रत्येक पान वाचत पुढं सरकत होती, घाई न करता. बेचाळीसपाशी थांबली. मला तिची पाठ दिसत होती, साडीचा काठ मागून थोडा वर गेलेला. ती किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही. मग त्रेचाळीस वाचलं, चव्वेचाळीस वाचलं, शेवटपर्यंत गेली, आणि परत आली. माझ्या शेजारची खुर्ची तिनं सोडली आणि तिच्या पलीकडच्या खुर्चीवर बसली.

एक खुर्ची. मी विचार करत होतो की याला सोबत बसणं म्हणायचं की न बसणं. ती गेली नव्हती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, नजर माईककडे. मला काहीतरी म्हणायला हवं होतं आणि मी म्हणालो, पाणी आणू का. ती म्हणाली, नको. नको हा शब्द मराठी होता हे मला थोड्या वेळानं लक्षात आलं.

तेवढ्यात एक बाई आल्या. साठीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, हातात लहान वही, भिलाईहून आल्या होत्या. मधली खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिच्यावर बसल्या आणि माझ्याकडे वळल्या, त्यामुळे गंधालीकडे त्यांची पाठ झाली. बेचाळीस नंबर तुमचाच ना, पूर्णिमाताईंनी दाखवलं, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या भराभर बोलत होत्या. मुलगा स्टील प्लांटमध्ये आहे, पत्रिका वगैरे आम्ही मानत नाही, मुलीचं काम आवडलं, मला स्वतःला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, घरातच सोय होईल, आणि स्वतःच हसल्या. चांगल्या बाई होत्या. मग मान उंच करून त्यांनी हॉलभर पाहिलं, फळ्यावरच्या फोटोसारखा चेहरा शोधत, ओळींमागून ओळी, आणि परत माझ्याकडे पाहिलं. "मुलगी दिसत नाही कुठं. आली नाही का?"

त्यांच्या खांद्यावरून गंधाली माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काचेच्या खोलीतल्या माणसाकडे ती जशी पाहते, आवाज सोडल्यानंतर, बटण दाबायच्या आधी, तशी पाहत होती. माईकवरचा आवाज कमी झाला.  बाईंच्या वहीत पेन उघडं होतं. खरं उत्तर माझ्यापासून दोन हातांवर बसलेलं होतं आणि त्याच्याकडे बोट दाखवलं की ते थबकणं येणार होतं, या चांगल्या बाईंच्या चेहऱ्यावर, एवढ्या जवळून.

"नाही," मी म्हणालो. "नाही आली."

गंधाली उठली. मला वाटलं, गेली. मी दाराकडे पाहिलं, पण ती दाराकडे गेली नाही. सरळ फळ्याशी गेली, बेचाळीसच्या चारही टाचण्या काढून पुन्हा फळ्यातच टोचल्या, पान घेऊन परत आली आणि बाईंच्या समोर उभी राहिली. तिनं पानाचा उजवा कोपरा दुमडला, घडीवर नख फिरवलं आणि फोटो तेवढा नीट फाडून काढला, चौकोन, एकही अक्षर न तुटता. उरलेलं पान बाईंच्या वहीवर ठेवलं.

"काकू, मी गंधाली. बेचाळीस नंबर माझाच," ती म्हणाली, स्वच्छ मराठीत, तिच्या आईच्या चालीत. "फोटो माझा नव्हता. बाकीचं सगळं खरं आहे. वाचा."

बाई थबकल्या. तिला पाहिलं, मला पाहिलं, कोपरा नसलेल्या पानाकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर ठेवला आणि खरंच वाचायला लागल्या, वरच्या ओळीपासून, ओठ हलवत. गंधाली तिच्या खुर्चीवर बसली. फाडलेला फोटो तिनं मला दिला नाही, फेकलाही नाही. पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घातला, जिथं ती बसची तिकिटं आणि सुट्टे पैसे ठेवते. अर्ध्यावर आल्यावर बाईंनी काहीतरी विचारलं, ऐकायच्या यंत्राबद्दल असावं, आणि पूर्ण तिच्याकडे वळल्या. आता त्यांची पाठ माझ्याकडे होती. गंधाली उत्तर देत होती, कानाच्या मागं बोट लावून दाखवत होती. मला कोणी काही विचारत नव्हतं. मला काय वाटत होतं ते मी पुन्हा एकदा शोधलं. मग पुन्हा सेकंद मोजायला लागलो.

बाईंचा मुलगा आईला शोधत आला. उंच, घामेजलेला, हातात चहाचे दोन कागदी कप. बसायला जागा कुठं आहे ते पाहत आमच्या ओळीशी उभा राहिला, आणि आईच्या खांद्यावरून त्यानं विचारलं, आई, ते बेचाळीसवाले भेटले का. बाईंना त्या कानानं ऐकू आलं नाही. मी उठलो आणि माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा," मी म्हणालो. "मुलगी आली आहे."